सूर मोजणारी यंत्रं : सांगलीच्या तारेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. फळ्यावर गणित मांडणार नाही. सुरुवात एका छोट्या प्रसंगापासून करतो.

काही महिन्यांपूर्वी माझ्या परिचयातली एक मुलगी तानपुरा लावून रियाज करत होती. समोर मोबाइल ठेवलेला. त्यावर सूर दाखवणारं अ‍ॅप. ती ‘सा’ लावायची, पडदा हिरवा. ‘प’ लावायची, पडदा हिरवा. ‘ग’ लावला की मात्र लाल. ‘उतरला आहे’ असं यंत्राचं म्हणणं. ती पुन्हा लावायची, पुन्हा लाल. शेवटी रडकुंडीला येऊन मला म्हणाली, “काका, माझा गांधार चुकतोय.” मी डोळे मिटून ऐकलं. गांधार तानपुऱ्यात अगदी मिसळून जात होता. मग चूक कोणाची? मुलीची, तानपुऱ्याची की यंत्राची?

यंत्रानं सूर ओळखायचा म्हणजे नेमकं काय ओळखायचं, या प्रश्नाला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या सांगलीत घडला. तो इतिहास आज सांगायचा आहे.

एक गांधार, चार आकडे

आधी थोडी तयारी. सूर म्हणजे हवेची नियमित कंपनं. एका सेकंदात किती, ती त्याची आंदोलनसंख्या. तुमच्यापैकी ज्यांनी संगीताच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना आठवत असेल, पुस्तकात मध्य षड्जाची २४० आंदोलनं धरतात. मग शुद्ध गांधाराची किती?

तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप गांधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. तारेच्या पाचव्या स्वयंभू स्वरातून तो येतो. त्याचं षड्जाशी प्रमाण पाचास चार. म्हणजे ३०० आंदोलनं. हा पहिला आकडा.

भातखंडे परंपरेच्या पुस्तकांत ३६ इंचांच्या तारेवर स्वरस्थानं दिलेली असतात. तिथे हा गांधार २८ पूर्णांक दोन तृतीयांश इंचांवर येतो. त्याची आंदोलनं होतात ३०१ पूर्णांक १७/४३. पाठ करताना या अपूर्णांकानं आपल्याला किती छळलं, ते आठवा! हा दुसरा.

पियानोवर किंवा बाजारातल्या नेहमीच्या पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्या हिशेबानं गांधार सुमारे ३०२.४. हा तिसरा. आणि नुसत्या पंचमावर पंचम चढवत गेलं तर येतो ३०३.७५. हा चौथा.

चारही आकडे चार आंदोलनांच्या आत बसतात, आणि तरीही तयार कानाला पहिला आणि चौथा हे वेगळे सूर वाटतात. मुलीचा गांधार ३०० वर होता. अ‍ॅपच्या पोटात ३०२.४ भरलेलं होतं. लाल दिव्याचं रहस्य एवढंच. पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही, सुरू होते.

कान कच्चा, हिशेब पक्का

सूर आकड्यात मांडायची जी पद्धत आज जगभर चालते, ती अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानानं १८८५ साली मांडली. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक सेंट. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट. आपला ३०० चा गांधार ३८६ सेंटवर आणि पेटीचा ४०० वर. फरक १४ सेंटचा.

गंमत अशी, की या एलिसचा स्वतःचा कान संगीतासाठी फारसा चांगला नव्हता. वाद्यांचा जाणकार असलेल्या हिपकिन्स नावाच्या मित्राचा कान त्यानं वापरला आणि बारीक फरकानं लावलेल्या सूरकाट्यांशी, म्हणजे ट्यूनिंग फोर्कशी, सूर जुळवून पाहिले. जावा, चीन, अरबस्तान अशा कुठकुठल्या वाद्यांची मोजणी झाली. त्यात आपली सतारही होती. राजा रामपाल सिंह यांनी इंग्लंडमध्ये ती त्यांना वाजवून दाखवली. सगळं मोजून झाल्यावर एलिसचा निष्कर्ष असा, की जगात एकच नैसर्गिक स्वरसप्तक नाही. सप्तकं अनेक आहेत आणि फार वेगवेगळी आहेत. युरोपाचं संगीत हेच निसर्गाचं संगीत, असं मानण्याच्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं.

सांगलीचे देवल

आता सांगलीला येऊ. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपले ग्रंथ सप्तकात २२ श्रुती सांगतात. त्या कुठे आहेत? त्यांची आंदोलनं किती? ग्रंथांत प्रमाणं आकड्यांत दिलेली नाहीत. पंडित एक सांगतात, उस्ताद दुसरं. देवलांनी ठरवलं, आपण मोजूया.

त्यासाठी तार होती, मोजपट्टी होती आणि एक विलक्षण गळा होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांचा. खाँ साहेब सूर लावणार, देवल तो तारेवर जुळवणार, तारेची लांबी मोजणार, त्यावरून प्रमाण काढणार. १९१० साली देवलांचं २२ श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापलं गेलं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी, इथे न्यायाधीश होते. ते या कामात सामील झाले आणि त्यांनीही १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं. दोघांच्या प्रयत्नातून श्रुती हार्मोनियम तयार झाली. नेहमीच्या पेटीत न मिळणारे सूक्ष्म सूर तिच्यात स्वतंत्र पट्ट्यांवर मिळत.

विचार करा, काय स्वप्न होतं ते! दोन हजार वर्षांचा वाद एका पेटीत बंद करायचा. कोणीही यावं, पट्टी दाबावी, आणि ‘ही ती श्रुती’ असं म्हणावं. यामागे निव्वळ हौस नव्हती. ‘तुमच्या संगीताला शास्त्र नाही’ असं तेव्हा ऐकवलं जात होतं. त्याला या मंडळींना मापानं उत्तर द्यायचं होतं.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींचा प्रश्न आला. एका बाजूला देवल आणि क्लेमंट्स, दुसऱ्या बाजूला पंडित भातखंडे. भातखंडेंचं म्हणणं साधारण असं, की आजचं गाणं बारा स्वरांच्या आधारानं समजावता येतं, प्राचीन श्रुती आजच्या गाण्यावर लादू नयेत. वाद मिटला नाही. पेटीनं निकाल लागला नाही.

का लागला नाही? माझ्या मते कारण मोजणीच्याच पद्धतीत होतं. तारेवर सूर जुळवायचा तर गायकाला तो स्थिर धरावा लागतो. म्हणजे देवलांच्या पद्धतीत फक्त उभा राहिलेला सूर मोजता येत होता. चालता सूर, मींडेतला, आंदोलनातला, मोजायची सोयच नव्हती. आणि सूर जुळला की नाही हे ठरवणार कोण? पुन्हा देवलांचा कान. कानाचा वाद मिटवायला आणलेल्या यंत्रात कानच बसलेला होता.

याच अडचणीचं दुसरं टोक पुढे रेडिओवर दिसलं. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. कारण हेच, की पेटीचे सूर ठरलेले, त्यांत मींड नाही, आणि आपलं गाणं त्या चौकटीत मावत नाही. ती बंदी पुढची तीसेक वर्षं राहिली.

सुराचा फोटो

चालता सूर पकडायचा तर कानाला मध्ये न घेता तो कागदावर उतरवायला हवा. हे काम आधी अमेरिकेत झालं. आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर आणि त्यांचे विद्यार्थी आवाजाच्या लहरींचे फोटो काढू लागले. मिल्टन मेटफेसल यांनी कृष्णवर्णीय गायकांच्या लोकगीतांचे असे फोटो काढून १९२८ मध्ये पुस्तक केलं. त्यात सुराची रेघ दिसते. आणि ती रेघ पाहून सगळ्यांना धक्का बसला. आपल्याला एक सरळ सूर ऐकू येतो, पण प्रत्यक्षात रेघ सतत वरखाली होत असते.

पाश्चात्त्य गायकीतल्या कंपात, ज्याला ते व्हायब्रेटो म्हणतात, सूर सेकंदाला सहा-सात वेळा हलतो. वरपासून खालपर्यंत जवळपास अर्ध्या स्वराचा पल्ला! पण ऐकणाऱ्याला त्याच्या मधला एकच सूर जाणवतो. म्हणजे कान मोजत नाही. कान अर्थ लावतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

१९३६ मध्ये कॉन कंपनीनं स्ट्रोबोकॉन हे यंत्र बाजारात आणलं. बारा खिडक्या, प्रत्येकीत फिरती चकती. वाजवलेला सूर एखाद्या चकतीशी तंतोतंत जुळला की तिच्यावरची नक्षी थांबल्यासारखी दिसते. पंख्याची पाती कधीकधी दिव्याखाली उलटी फिरताना दिसतात ना, तसाच प्रकार. वाद्यं लावायला उत्तम. पण खिडक्या बाराच. बाराच का? कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात बाराच सूर होते.

साडीचा काठ आणि सप्तकाची चूक

आता इलेक्ट्रॉनिक्सकडे येऊ. माइकमधून आलेली विजेची लहर सेकंदाला किती वेळा वरखाली होते ते मोजा, झालं काम, असं वाटतं. पण नाही होत.

एक उदाहरण देतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० आंदोलनांच्या खालचं काही जातच नव्हतं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो १००-१२० च्या आसपास. म्हणजे बाबांच्या आवाजाचा मूळ सूर फोनमधून आपल्यापर्यंत पोचतच नव्हता! तरीही बाबा बाबांसारखेच ऐकू यायचे. कारण वरचे स्वयंभू स्वर येत होते, आणि त्यांच्यामधल्या सारख्या अंतरावरून मेंदू गाळलेला मूळ सूर भरून काढत होता. नुसता सर्वांत खालचा सूर शोधणारं यंत्र इथे फसतं.

आपला तानपुरा तर यंत्राची परीक्षाच पाहतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लेख लिहिला. सपाट, किंचित गोलसर घोडीमुळे आणि तानपुऱ्याच्या जवारीच्या दोऱ्यामुळे या वाद्यांत वरचे स्वयंभू स्वर कसे समृद्ध होतात, ते त्यात आहे. कानाला जे सुख, ते मोजणाऱ्या यंत्राला संकट. मूळ सुरापेक्षा वरच्यांचाच गलबला जास्त.

यावर एक युक्ती निघाली. साडीच्या काठावर कोयरीची नक्षी आहे, असं समजा. ती किती अंतरानं परत येते हे शोधायचंय. तोच काठ पारदर्शक कागदावर उतरवून घ्या, मूळ काठावर ठेवा आणि हळूहळू सरकवा. जिथे कोयरीवर कोयरी बरोबर बसेल, ते अंतर म्हणजे नक्षीची लांबी. ध्वनीच्या लहरीचंही तसंच करायचं. लहर स्वतःवरच सरकवायची, पुन्हा जुळली की थांबायचं. तेवढ्या वेळात एक कंपन. याला ऑटोकोरिलेशन म्हणतात. आपला कानसुद्धा असंच काही करत असावा, अशी मांडणी लिक्लायडर यांनी १९५१ मध्ये केली.

आता यातली खोच बघा. काठ एका कोयरीऐवजी दोन कोयऱ्या सरकवला तरी जुळतोच! मग यंत्र म्हणतं, नक्षी दुप्पट लांब आहे. संगीतात याचा अर्थ, मध्य सप्तकातला ‘सा’ खर्जाचा ठरतो. ही सप्तकाची चूक या क्षेत्रातल्या लोकांना अनेक दशकं छळत आली आहे. २००२ साली आलेली यिन नावाची प्रसिद्ध पद्धत मुख्यतः अशाच चुका कमी करण्यासाठी होती.

दुसरी अडचण वेळेची. ३०० आणि ३०१.४ यांतला फरक साध्या मोजणीनं ओळखायचा तर सूर पाऊण सेकंद तरी स्थिर हवा. गमकेत तेवढ्या वेळात सूर तीन-चार हेलकावे खाऊन येतो. म्हणजे श्रुतीइतकं बारीक बघायचं तर सूर थांबवावा लागतो, आणि थांबवला तर गाणं थांबतं. देवलांची अडचण विजेवर चालणाऱ्या यंत्रांनाही सुटली नव्हती.

आकडा सोडला, रेघ धरली

१९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स सीगर यांनी मेलोग्राफ तयार केला. आवाज आत गेला की कागदावर सुराची रेघ आपोआप उमटायची. १९५८ मध्ये त्यांनी एक फार मोलाचा भेद मांडला. संगीताचं एक लेखन ‘असं गा’ सांगतं, दुसरं ‘असं गायलं गेलं’ सांगतं. भातखंडेंची स्वरलिपी पहिल्या प्रकारची, मेलोग्राफची रेघ दुसऱ्या. या दोन्हींची गल्लत केली की गोंधळ होतो. मोबाइलवरचा लाल दिवा हीच गल्लत करतो. ‘काय गायलं’ हे मोजायला बसवलेलं यंत्र ‘कसं गायला हवं’ ते सांगू लागतं.

१९६३ मध्ये नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी लंडनच्या एका प्राच्यविद्या नियतकालिकात हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरस्थानांवर निबंध लिहिला. ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी सूर मोजले. निष्कर्ष देवलपंथीयांना कडू वाटणारा होता. वेगवेगळ्या कलाकारांचं सोडाच, एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातसुद्धा तोच स्वर दर वेळी त्याच जागी पडत नाही. २२ ठरलेल्या जागा प्रत्यक्ष गाण्यात सापडत नाहीत.

मग गोष्ट आली मुंबईला. बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक आणि त्यांचे सहकारी जेम्स आर्नल्ड. १९८० च्या सुमारास यांनी सुरुवात कशापासून केली असेल? श्रुती हार्मोनियमपासूनच! फक्त ती इलेक्ट्रॉनिक होती, हवा तो सूर हव्या त्या जागी बसवता येणारी. देवलांनंतर सत्तर वर्षांनी तोच प्रश्न, तेच नाव. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की स्थिर सूर वाजवून भागणार नाही, चालता सूर पाहिला पाहिजे. त्यांनी स्वरांच्या हालचालीचं विश्लेषण करणारं यंत्र बांधलं. गाणं आत, रेघ बाहेर. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत हे काम रुजलं. विम व्हॅन डर मीर आणि डॉ. सुवर्णलता राव यांनी ते पुढे नेलं. याच बेल यांनी पुढे आपल्या मावळातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाच्या कामातही मोठा वाटा उचलला, हे जाता जाता सांगतो.

त्या रेघांत काय दिसतं? दरबारी कानड्याचा कोमल गांधार घ्या. कुठे आहे तो? पेटीवर पट्टी आहे, पण दरबारीत तो त्या पट्टीवर बसतच नाही. खालून येतो, डुलतो, पुन्हा खाली जातो. रेघेत एक संथ लाट दिसते. त्या लाटेची सरासरी काढून ‘हा दरबारीचा गांधार’ म्हणणं म्हणजे झोपाळ्याच्या फेऱ्यांची सरासरी काढून ‘मूल मध्ये बसलं होतं’ म्हणण्यासारखं आहे. आकडा बरोबर, पण झोका गेला!

आज

आज हे सगळं कोणाच्याही लॅपटॉपवर होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या भाषाशास्त्रज्ञांनी बोलण्याचा अभ्यास करण्यासाठी केलेलं प्रात हे मोफत सॉफ्टवेअर संगीताचे अभ्यासकही वापरतात. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटानं आणखी अवघड काम हाती घेतलं. तानपुरा, तबला, पेटी सगळं चालू असताना त्यातून फक्त गायकाचा सूर वेगळा काढायचा. २०११ पासून बार्सिलोनातल्या एका मोठ्या प्रकल्पानं हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत संगणकाला कसं समजावं यावर काम केलं.

आणि १९९७ मध्ये एक वेगळंच वळण आलं. अँडी हिल्डेब्रँड हे तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी जमिनीखालच्या कंपनांचं विश्लेषण करत. तिथलं गणित, ज्यात आपला साडीचा काठही होता, त्यांनी गळ्याला लावलं आणि ऑटो-ट्यून तयार झालं. आता यंत्र सूर ओळखून थांबत नाही, तो ओढून ठरलेल्या खणात बसवतं. ज्या पट्ट्यांमुळे रेडिओनं पेटी बाहेर काढली होती, त्या पट्ट्या आता गायकाच्या गळ्यात बसवता येतात, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून मंडळी, मला तंत्रज्ञानाविरुद्ध काही म्हणायचं नाही. एलिसच्या मोजणीनं युरोपाचा अहंकार उतरवला. एनसीपीएतल्या रेघांनी मींड डोळ्यांना दाखवली. मोजणं वाईट नाही. पण प्रत्येक यंत्रात कोणीतरी आधी एक उत्तर भरून ठेवलेलं असतं. कोणी बारा खिडक्या भरतो, कोणी बावीस पट्ट्या. यंत्रानं उत्तर दिलं की आपण पहिल्यांदा विचारायला हवं, ‘तुला प्रश्न कोणी शिकवला?’

त्या मुलीला मी काय सांगितलं? “तुझा गांधार तानपुऱ्याचा आहे, मोबाइलचा नाही. मोबाइल उलटा ठेव.” पण लगेच दुसरंही सांगितलं, कारण ‘३०० हाच खरा गांधार’ असं म्हणून मी थांबलो असतो, तर माझीही एक श्रुती हार्मोनियमच झाली असती. म्हटलं, “उद्या दुसरा राग शिकशील तेव्हा गांधार कदाचित थोडा हलेल. किती, ते बाई गाऊन दाखवतील. तेव्हा ऐक.”

तिनं मोबाइल उलटा ठेवला. डोळे मिटले. गांधार लागला, आणि यावेळी जरा जास्त वेळ टिकला.